ओठाच्या आतलं नाव

चतुराबाईचा खालचा ओठ तिच्याच डाव्या मनगटाचा होता. हर्सूलच्या गल्लीत हे ऐकून लोक आधी हसायचे, मग तिच्या तोंडाकडे बघून हसू आवरायचे.

उस्मानपुऱ्यातल्या मंगल कार्यालयांत तिनं उभा जन्म पोळ्या लाटल्या. काय आवाज होता बाईचा! मांडवातला बँड फिका पडावा. एखादी नवरी नाव घ्यायला लाजली की बायका हिलाच बोलवायच्या. पिठाचे हात पदराला पुसत ही यायची, नवरीच्या कानात उखाणा सांगायची आणि नवरीआधी स्वतः टाळी घेऊन जायची. "तुझा घे की एकदा, चतुरे!" म्हटलं की मात्र लाटणं उगारायची. नवऱ्याचं नाव तिनं कधी उच्चारलं नाही. तो असताना नाही, तो गेल्यावरही नाही. ते होतं डाव्या मनगटाच्या आतल्या अंगाला, लग्नाच्या साली जत्रेत गोंदलेलं. सखाराम.

मिसरीनं घात केला. ओठात दाबायची तिथंच फोड आला, फोडाची जखम झाली आणि जखम जबड्याच्या हाडात उतरली. डॉक्टर म्हणाले, ओठ आणि हनुवटीचं हाड काढावं लागेल. पायातलं हाड घेऊन जबडा करू, हाताची कातडी रक्तवाहिन्यांसकट उचलून ओठ करू, आणि हातावरची उघडी जागा मांडीच्या सालीनं झाकू.

"आजी, हे काय गोंदलंय? अक्षरं पार पुसट झालीत. जिव्हाळ्याचं असेल तर उजवा हात बघतो."

सांगायचं म्हणजे नाव घ्यायचं. चतुराबाईनं तोंडावर पदर ओढला. "जुनं हाय. असंच."

डॉक्टर भले माणूस. हिरवा डाग चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी कातडीची घडी घातली आणि गोंदणाचा भाग ओठाच्या आत ठेवला.

ती घरी आली ती नाकात नळी घेऊन. आता तोंडानं खायचं, रोज तोंड उघडायचं, नाहीतर जबडा आखडेल आणि नळी कायमची राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकीनं, मोनिकानं, मऊ कण्या शिजवल्या. घास कुठं ठेवायचा ते बघायला मोबाईलचा उजेड पाडला आणि तिचा हात तसाच राहिला.

"आई, आत अक्षरं हायेत. बाबांचं नाव हाय गं."

चतुराबाईनं तोंड मिटलं ते मिटलंच. तिचे बोल आता निम्मे ओठातून, निम्मे नाकातून यायचे. "तेंच्या नावावर खरकटं पाडू व्हय मी?"

तरी मोनिकानं एकदा बळंच चमचा ओठाला लावला. त्याच क्षणी चतुराबाईनं डावा हात झटकला. कुणीतरी मनगट धरलं होतं. गार बोटं, अंगठा नेमका नाडीवर. जत्रेच्या गर्दीत सखाराम असाच धरायचा.

चमचा लागला की पकड यायची. चमचा मागे घेतला की जायची. डॉक्टर म्हणाले, कापलेल्या नसा जाग्या होताना भास होतात. मग म्हणाले, "पण चमचा लागतानाच का, ते मलाही सांगता येत नाही."

तोंड मात्र आवळत चाललं. आधी दोन बोटं मावायची, मग एक मावेना. मोनिकाची सुट्टी संपली. बिडकीनच्या कंपनीची बस धरायला निघताना ती उंबऱ्यात रडली. "लोकांच्या पोरींना धीर देत फिरलीस. तुझी पोर काय सवत लागती का?"

लेकीचं रडणं तिच्या काळजात रुतलं. दुपारी घर चिडीचूप झालं. पंखा बंद होता, तरी दाराचा पडदा विंगेत कुणी पात्र प्रवेशाला उभं असावं तसा फुगून राहिला होता. चतुराबाईनं कण्यांचं ताट ओढलं आणि उजव्या हातानं चमचा ओठाला लावला. पकड आली. तिनं खाली पाहिलं. मनगटावर लावलेल्या मांडीच्या फिकट सालीवर बोटांचे खळगे उमटत होते, एकामागून एक.

घशात आवाज नव्हता. तो तिनं पोटातून ओढून काढला.

"सखाराम."

शेवटच्या अक्षराला दोन्ही ओठ एकमेकांना टेकले. परका ओठ आणि आपला ओठ, त्या नावासाठी पहिल्यांदाच.

"अवो, हात सोडा. नाव घेतलं म्हून रुसू नका. लई भूक लागलीय."

खळगे तसेच राहिले.

"बरं. नका सोडू," म्हणत तिनं घास आत ढकलला. निम्मा हनुवटीवरून ओघळला, निम्मा गिळला. मग दुसरा घेतला.

मोनिका परतली तेव्हा ताट रिकामं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, डावा हात शेजारच्या मोकळ्या पाटावर ठेवून.

"आई! जेवलीस? कुणी भरवलं?"

चतुराबाईनं पदरानं हनुवटी पुसली. "जेव म्हनत्यात," ती म्हणाली.