टाचेखालची रोपं

बारामती एमआयडीसीत एका दुधाच्या कारखान्यात मी पाळीवर जातो. शेळगावातून मोटारसायकल काढली की वाटेत आमच्यासारख्यांची रांगच लागते. यंत्रांच्या घरघरीत वर्षं गेल्यामुळे माझी अशी पक्की समजूत झाली होती, की उद्योग म्हणजे पत्र्याची शेड, भोंगा आणि गेटवरचा वॉचमन. ती समजूत आमच्या वहिनीनं मोडली, तीही विहिरीजवळच्या तुकड्यात हिरव्या जाळीखाली बसून.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. एकदा सगळे जेवत असताना ती म्हणाली, "मी उसाची रोपं करून इकणार हाय." भावाचा घास हातातच राहिला. आबा, म्हणजे आमचे वडील, आधी हसले आणि मग चिडले. आमच्या घरात उसाचं बेणं, लावायच्या कांड्या, विकायची रीतच नव्हती. उसाची लागण करायची वेळ आली की पाहुण्यांच्या फडातून मोळ्या आणायच्या, त्यांची लागण आली की त्यांनी आपल्या फडातून न्यायच्या. आबांच्या बेण्याला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला आला नव्हता, निदान आबांच्या मते.

"बेण्याचं पैसं घेऊन पावन्यांना तोंड कसं दाखवू मी?" आबा म्हणाले.

"बेणं न्हाय आबा, रोप. डोळा फुटलेला, मुळी धरलेली. मातीत पुरायचा कितीतरी ऊस वाचतो."

बरीच वादावादी झाली आणि आबांनी विहिरीजवळचा तुकडा तिला एका हंगामापुरता दिला. अट सरळ होती. हे जमलं नाही तर जाळी उतरवायची, तिथं पुन्हा ऊस लावायचा आणि घरात हा विषय परत काढायचा नाही.

वस्तीवरच्या बायका जमवून वहिनीनं उसाच्या पेरांवरचे डोळे काढले आणि काथ्याचा भुसा भरलेल्या ट्रेमध्ये लावले. ज्या सकाळी कोंब वर आले, त्या सकाळी मी पाळीच्या घाईत नुसता डोकावलो आणि उभाच राहिलो. सगळा जन्म उसात गेला माझा. फडात शिरलं की माणूस दिसत नाही, तो ऊस मी ओळखत होतो. बोटाएवढा, कोवळा, ओळीनं उभा असलेला ऊस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"भावजी, गाडी चालूच ठिवलीया तुमी," वहिनी म्हणाली.

बघायला सगळं गाव आलं, न्यायला कुणी आलं नाही. ट्रेमध्ये रोप फार दिवस ठेवता येत नाही; मुळ्या दाटतात, पानं पिवळी पडू लागतात. शेवटी आबांनाच राहवेना. कळसला माझ्या बहिणीचे सासरे आहेत. त्यांना आबांनी फोन करून थोडी रोपं न्यायला लावली आणि लागणीच्या दिवशी स्वतः बांधावर जाऊन उभे राहिले. पुढं व्याह्यांचा फोन आला, "रोपं गेली सगळी. सूनबाईला म्हणावं, आता बास."

आबा जाळीकडं बघत म्हणाले, "उतरवा मग."

वहिनी रडली नाही. मला म्हणाली, "भावजी, आधी मला कळसला सोडा."

तिथं ती सरळ सरीत बसली. एक रोप उकरलं, दुसरं उकरलं. शेंड्याच्या पोंग्यात, गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, चिखल जाऊन रोप आतून कुजलेलं, आणि शेजारी वाळलेल्या मातीत टाचेचा ठसा. पुढच्या रोपाशेजारी पुन्हा टाच. सरीच्या टोकापर्यंत तेच. ओल्या लागणीत बेण्याची कांडी चिखलात टाकून टाचेनं दाबतात. आमच्याकडं ते पायातच भिनलंय. व्याह्यांच्या माणसांनी रोपालाही तेवढाच मान दिला होता.

मला हसू आवरेना. व्याही ओशाळून म्हणाले, "तुमचं आबाच वरडत हुतं बांधावनं, चांगलं दाबा म्हणून."

आता वहिनी आबांच्या नावानं शंख करणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "चूक माझी हाय, तात्या. मी रोप दिलं, पर ते लावायचं कसं ते दिलंच न्हाय. ऱ्हायलेली रोपं आणते. लावायला बायकाबी माझ्याच. तुमी निस्तं पाणी सोडा आन् सरीत पाय घालू नका."

पडलेल्या मालाजवळ बसून तिला पुढचा धंदा दिसला होता.

घरी येऊन तिनं आबांकडून तेवढ्या एका लागणीची मुदत मागून घेतली. वस्तीवरच्या बायका टेम्पोत बसून कळसला गेल्या, बोटांनी खड्डा करून रोपं लावून आल्या. ती लागली. व्याह्यांनी फोन केला नाही, पण त्यांच्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आमच्या दारात आला. त्यामागनं आणखी आले. जाळी उतरवायची गोष्ट मग कुणी काढली नाही. आता रोप हवं असेल तर लावणाऱ्या बायकाही सोबत घ्याव्या लागतात, ही वहिनीची अट. एरवी दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाणाऱ्या त्या बायका आता लागण कधी धरायची ते स्वतः ठरवतात. कारखान्यात नवं यंत्र आलं की आम्ही नारळ फोडतो. इथं काहीच नसताना काम उभं राहिलं, आणि नारळ फोडायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला अजून त्याचा अचंबा वाटतो.

यंदा आमच्या स्वतःच्या रानात लागण होती. आबांना बांधावर बसवलं होतं, पण ते ऐकतात थोडेच. ट्रेमधलं एक रोप उचलून ते सरीत उतरले, रोप ठेवलं आणि सवयीनं टाच उचलली.

पाय तसाच हवेत राहिला. त्यांनी वहिनीकडं बघितलं, पाय हळूच बाजूला टेकवला, धोतर सावरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चिखलात बसले. दोन बोटांनी माती दाबली.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "एवढं बास का?"