टेकाडावरची वस्ती

आरमोरीच्या कॉलेजात मी समुद्राच्या सीमा शिकवतो. वर्गात समुद्र पाहिलेलं कुणी नाही, मीही एकदाच पाहिलाय. शेजारी देश दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर मधली रेघ कशी ओढतात, पाण्याखालची जमीन कुणाची हे कसं ठरवतात, हे फळ्यावर फार सोपं असतं. डोकं उठतं ते सासुरवाडीला गेल्यावर.

सासुरवाडी तलावाकाठी. समोरच्या काठावर दुसरं गाव. दोन्हीकडे मासेमारी करणारी घरं, आणि जाळं कुणी कुठवर टाकायचं यावरून दर उन्हाळ्यात तोच तमाशा. यंदा जावई शिकलेला म्हणून बैठकीत मला बसवलं. मी मधली रेघ सांगितली. सासुरवाडीला ती पटेना. तलावात, समोरच्या गावाकडे थोडं सरकून, एक टेकाड आहे. "थे आमचं हाये. रेघ त्याच्या पलीकडून काढा," म्हणाले. मी म्हटलं, समुद्राच्या कायद्यात तसं चालत नाही. जिथं माणूस राहू शकत नाही, त्या खडकाला भोवतालच्या तळाचा हक्क मिळत नाही. वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेकाडावर माणूस राहायला पाठवला. माझे सासरे! खाट, चूल, माठ, सगळं डोंग्यातून पोचवलं. आता काय करावं या लोकांना?

"तुमच्या कायद्यापायी माहे बाबा पाण्यात बसून राह्यले," बायको रोज ऐकवायची. "पाऊस लागला का टेकाड बुडते." तिचं खरं होतं, म्हणून जास्तच चीड यायची. मी या गावातून त्या गावात खेपा घालत राहिलो. एकाला समजावलं की दुसरा फुगायचा. शेवटी रेघच नको असं ठरलं. टेकाडाभोवती दोघांनी मिळून जाळं टाकायचं आणि मासळी निम्मी निम्मी वाटायची. रेघ जमली नाही की काही देशही समुद्रात हेच करतात.

आभाळ भरून आलं होतं. मी डोंगा घेऊन सासऱ्यांना आणायला गेलो.

"मामाजी, मिटलं सगळं. चला घरी. आता तुमची गरज नाही."

ते खाटेवरून हललेच नाहीत. मला रागच आला. पाऊस अंगावर आलेला आणि यांचं हे.

"आपल्या गावचे येतेत, म्हणतेत बसून राहा," ते म्हणाले. "समोरचे येतेत, म्हणतेत उठा. घरी मले कोणी काईच म्हणत नाई."

ते मेव्हण्याकडे राहतात, पण त्या घरात ते कुठं बसलेले असतात, हे मला आठवेना. थेंब पडू लागले.

"मग माझ्याकडे चला," मी वैतागून म्हटलं. "तुमची लेक दिवसभर काही ना काही म्हणतच असते."

"लेकीच्या घरी राहात नाईत," ते म्हणाले, आणि माठ उचलून डोंग्यात जाऊन बसले.