आत्याची कॉफी संपेपर्यंत

आमची आत्या समुद्राला कॉफीने मोजायची. वाळूत पाय पसरून बसायची, फ्लास्कमधली कॉफी टंबळरात ओतायची आणि घोट घोट करत पाण्याकडे बघत राहायची. तो टंबळर रिकामा होईतो पाण्यात पाऊल टाकायची आमची कुणाची छाती नव्हती. कुंभकोणमला मुलींच्या शाळेत तिने जन्मभर व्यायाम शिकवला, लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली आणि सगळ्यांना धाकात ठेवलं.

"लाट पांढरी होऊन फुटते तेथें जा," ती सांगायची. "मधेंच गुळगुळीत दिसतं नं, तेथें नक्को. तेथूनच पाणी परत जातं." पोंगलनंतर समुद्र निवळला की कमरेपर्यंत परवानगी, उन्हाळ्यात वाळू तापायच्या आत परत. दिवाळीच्या सुमाराच्या वादळी पावसात मात्र गाडीतूनच दर्शन, आणि वर दहीभात. आम्ही कुरकुर करायचो.

तिच्या पिशवीत विहिरीचा दोर असायचा, त्याला बूच घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन. आम्ही त्याला तिचा नवरा म्हणायचो. तीही हसायची.

मी कॉलेजात होते तेव्हा पोंगलनंतरच्या अमावास्येला आम्ही तर्पणासाठी पूंपुहारच्या समुद्रावर गेलो. माझे वडील, आप्पा, कमालीचे कर्मठ. तर्पण होईतो कॉफीचं नाव काढायचं नाही, म्हणून फ्लास्क घरीच राहिला. आत्या त्यांना म्हणाली, "अण्णा, कॉफी नक्को तर नक्को. बघत तरी बसूं दे." आप्पा म्हणाले, "पितर खोळंबलेत. तुझं बघणं आज पोदुम, पुरे." आणि त्यांनी बुडीसाठी नेमकी ती शांत, गुळगुळीत जागा निवडली. म्हणे, लाटांत तीळ वाहून जातात.

दुसऱ्या बुडीनंतर ते वर आले ते दहा हात लांब. मग वीस. ते किनाऱ्याकडे हात मारत होते आणि मागेच जात होते. मी धावले, तोच आत्याने माझं मनगट पकडलं. मी तिला चावले, शिव्या दिल्या. त्या क्षणी मला तिचा खरोखर तिटकारा आला. तिने सोडलं नाही. "एक गेला तर दोन घालवूं?" एवढंच म्हणाली आणि ओरडली, "अण्णा, भांडूं नक्को पाण्याशी! उताणा हो!"

आप्पांनी उभ्या आयुष्यात बहिणीचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. ते उताणे झाले, पाण्याने त्यांना बाजूला नेलं, तशी आत्या मला ओढत काठाने धावली. पिशवीतला दोर काढून तिने कॅन फेकला, तो पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा तो त्यांच्या छातीजवळ पडला. दोन कोळी धावत आले आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढला.

घरी आल्यावर तिने सगळ्यांत आधी कॉफी केली. माझ्या दातांचे वण तिने महिनाभर पदराखाली लपवले. मी माफी मागितली नाही, ते आजही सलतं.

गेल्या वर्षी ती गेली. अस्थी घेऊन आम्ही त्याच किनाऱ्यावर उभे होतो. गुरुजी घाई करत होते. आप्पांनी पिशवीतून फ्लास्क काढला, तिच्याच टंबळरात कॉफी ओतली आणि विधीआधी, उभ्या जन्मात पहिल्यांदा, घोट घेतला. मी अस्थींचं मडकं धरून शेजारी उभी राहिले.

"वेळ होतोय," गुरुजी म्हणाले.

पाण्यावरची नजर न काढता आप्पा म्हणाले, "थांबा. अर्धा टंबळर आहे अजून."