बसच्या धुरातलं तांबं

स्टँडवर बस सुरू झाली की मी नाकाला पंचा लावतो. आमची चहाची टपरी तिथंच. धुरानं बायकोचा दमा उसळायचा, त्यातच ती गेली. काल मात्र नव्या बसमागं डोळे चुरचुरले नाहीत.

चहाला आलेला डेपोचा मेकॅनिक हसला, "बाबा, पंचा काढा. धुराच्या नळीत झिओलाइट म्हणून बारीक भोकांचा दगड आहे, त्यात तांबं बसवलंय. युरियाचं पाणी फवारलं की विषारी वायूचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते."

मला निम्मंच कळलं. एवढ्या उशिरा आलं म्हणून त्या तांब्याचा रागच आला. शेजारी गजरेवाली नाक न झाकता फुलं ओवत होती. आमच्या हिला अशी हवा मिळाली नाही, गजरेवालीला मिळाली. ज्यानं कुणी हे केलं, त्याचं भलं होवो.