स्टेशनसमोरच्या हॉटेलातली लोर्ना

लोर्ना आमच्या ब्रॅम गावात आली ती एका उन्हाळ्यापुरती. आमच्याच नेब्रास्का राज्यातल्या एका शेतावरची पोर. स्टेशनसमोरच्या हॉटेलात वाढायचं काम करायचं, तिकिटापुरतं जमलं की कॅलिफोर्नियाला बहिणीकडे जायचं, असा तिचा बेत. तेव्हा गाडी इथे जेवणासाठी थांबायची.

मालकाच्या मुलाशी, मर्लशी, तिचं जमलं आणि लग्न झालं. दोघं मिळून बहिणीकडे जाणार, तेवढ्यात सासू ऑगस्टा जिन्यावरून पडली आणि अंथरुणाला खिळली.

"अगं, मी काय आता फार दिवसांची सोबती नाही," असं ती दर नाताळला म्हणायची आणि टर्कीची दुसरी तंगडी मागून घ्यायची. मर्ल तिच्या आधी गेला. मग उतारूंची गाडी बंद झाली. मालगाड्या न थांबता धडधडत जायच्या आणि हॉटेलच्या भिंतींचा गिलावा पडायचा. सासू गेली तोवर लोर्नाचे केस पिकले होते, आणि हॉटेल कुणी फुकटही घेईना.

माझं हार्डवेअरचं दुकान समोरच. खिळे न्यायला आली की म्हणायची, "हॅरल्ड, हे हॉटेल माझं नाही रे, मीच त्याची आहे."

मग गावानं हॉटेल पुन्हा पहिल्यासारखं करायचं ठरवलं. पुढाकार दातांचे डॉक्टर प्रुइट यांचा. लोर्नानं आनंदानं इमारत गावाला देऊन टाकली, बॅग भरली, येतेय म्हणून बहिणीला फोन केला. आम्ही छपराची गळती काढली, जिन्याचा कठडा खरवडून आतलं अक्रोडाचं लाकूड उघडं केलं. उद्घाटनाच्या आधी प्रुइटनी सगळ्यांदेखत तिला वर नेलं. तिच्याच खोलीला नवा रंग आणि दारावर पितळी पाटी: 'लोर्नाची खोली'.

"मरेपर्यंत तुमची! फक्त पाहुणे आले की काळा झगा, पांढरा एप्रन घालून खाली उभं राहायचं. तुमच्याशिवाय हे हॉटेल म्हणजे नुसत्या विटा हो!"

टाळ्या पडल्या. ती हसून "आभारी आहे" म्हणाली. नंतर दुकानात येऊन बसली.

"डॉक्टर दात काढतात, तेव्हा आधी भूल तरी देतात," ती म्हणाली.

"मग सांग ना, नाही म्हणून."

"चर्चमधल्या बायकांनी पडदे शिवलेत रे खोलीला."

उद्घाटनाच्या जेवणात ती कॉफीचं भांडं घेऊन फिरत होती. अचानक तिनं भांडं खाली ठेवलं, एप्रन सोडून खुर्चीला अडकवला आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. 

"इथे जन्मभर वाढलं, बसले कधीच नाही. डॉक्टर, कॉफी आणा. गरम असू द्या."

प्रुइट हसले. ती हसली नाही. त्यांनी मुकाट्यानं कॉफी आणली. रोस्ट, बटाटे, चेरी पायचे दोन तुकडे, सगळं तिनं सावकाश खाल्लं.

मला वाटलं, आता ही जाणार. मी ट्रकमध्ये पेट्रोलही भरून ठेवलं. पण सोमवारी शाळेची सहल आली, तर ही एप्रन घालून दारात.

पुढच्या वसंतात तिची कॅलिफोर्नियातली बहीण वारली. अंत्यविधीला जा, विमानतळावर सोडतो, म्हणालो.

"शनिवारी इथे लग्नाचं जेवण आहे," ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.