आबा, दम धरा

परवा कपाटातून जुना लेड एप्रन काढला आणि त्याच्या रेक्झिनच्या वासासरशी मी पुन्हा सोलापुरातल्या त्या एक्स-रे खोलीत उभी राहिले. इंटर्नशिपचा पहिलाच आठवडा होता. वर्गात मी पहिली आले होते.

सांगोल्याकडचे एक मेंढपाळ आबा थंडगार प्लेटला छाती टेकून उभे होते. "दीर्घ श्वसन करून श्वास रोखा," मी म्हणाले. आबा गोंधळून खोकायला लागले आणि फोटो हलला. मी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. फोटो पुन्हा हलला.

तेवढ्यात माझ्या वर्गातली, जेमतेम पास झालेली शबाना आत आली. आबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आबा, विहिरीत बुडी मारताना घेता तसा दम घ्या की. हां, आता धरा." फोटो स्वच्छ आला.

जाताना आबा माझ्यापुढं थांबले. "रागावू नका बाई. मला अडाण्याला कळंना, लई तरास दिला तुमाला."

मी नुसती मान हलवली. आबा समाधानानं बाहेर गेले.

तेव्हा शबानासमोर हरल्याची लाज वाटली होती. आता लाज वाटते ती त्या मान हलवण्याची. जणू मी त्यांना माफ केलं होतं.