कठड्याचे दगड

कस्तुराबाईला सूड घ्यायचा होता, हे हर्सूलच्या पुढं शेती असलेल्या साऱ्यांना ठाऊक होतं. तीही लपवत नसे. मेंढरं घेऊन निघाली की पुंजाराम पाटलाच्या बांधाशी थांबून आधी त्याच्या नावानं बोटं मोडायची, मग पुढं जायची.

कारणही तसंच होतं. पुंजारामचं शेत आणि कस्तुराबाईचं रान यांच्यामधल्या बांधावरची विहीर पुंजारामच्या बापानं खोदलेली. पुंजारामनं तिच्या कठड्याचे दगड उचलून आपला गोठा बांधला आणि विहीर उघडी टाकली. त्याच वर्षी खतासाठी त्यानं कस्तुराबाईच्या नवऱ्याला, कचरूला, शेतात मेंढरं बसवायला बोलावलं. तिन्हीसांजेला एक कोकरू विहिरीत पडलं. त्याला काढायला कचरू वाकला आणि कडेची माती सुटली. कोकरू जिवंत निघालं, कचरू नाही.

कस्तुराबाई भरपाईसाठी कोर्टात गेली. तिथं पुंजारामनं शपथेवर सांगितलं, "विहीर माझी नायच. ती अन् तिच्या भवतालचा पट्टा कचरूच्या गटातला." विहीर कोणाची, यावरच सारा दावा अडला होता. कोर्टानं ती कचरूची धरली आणि दावा फेटाळला. नवरा स्वतःच्याच विहिरीत पडून मेला, असं ठरलं.

कस्तुराबाई तिच्या वकील मंजुषाताईंकडं खेटे घालत राहिली. "ताई, त्यो खोटं बोलला. पुन्यांदा उघडा की केस."

"मावशी, अपिलाची मुदत गेली. त्याच माणसांत तोच प्रश्न पुन्हा कोर्टात नेता येत नाही. निकाल लागला तो लागला."

त्या वाक्याचा तिला इतका राग आला, की समोरचा चहा तसाच टाकून ती उठली.

पुढं पट्ट्याला लागून नवा रस्ता झाला. पुंजारामचा मुलगा इंद्रजीत शेतात मंगल कार्यालय बांधायला निघाला. पण रस्त्यावर यायला वाट एकच, विहिरीच्या पट्ट्यातून. आता पुंजारामला बाप आठवला. त्यानं दावा लावला: विहीर माझी, पट्टाही माझा.

मंजुषाताईंनी जुना निकाल पुढं ठेवला. हे तुमच्याच सांगण्यावरून ठरलंय, आता उघडता येणार नाही, म्हणून कोर्टानं पुंजारामला परत पाठवलं. अपिलातही तेच झालं. त्या दिवशी कस्तुराबाईनं शहागंजच्या बाजारात जिलबी घेतली आणि रस्त्यातच उभ्यानं खाल्ली.

मग पुंजाराम तिच्या दारात आला. आजवर 'ए मेंढके' म्हणणाऱ्याच्या तोंडी वहिनी आली.

"वैनी, जुनं उकरू नगा. वाट द्या. म्हणाल ते करतो."

"व्हय? मंग कठडा बांधा. गोठ्यातलेच दगड पायजेत. अन् तुमच्या हातानं."

"अन् वाट?"

"आदी कठडा."

पुंजारामनं गोठा पाडला. म्हातारपणी उन्हातान्हात दगड वाहिले. मजूर लावतो, असं इंद्रजीत म्हणाला, तर बाईनं नकारार्थी मान हलवली. ती लिंबाखाली बसून बघत होती. पुंजारामचं बोट दगडाखाली चेंगरलं, तेव्हा तिला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

शेवटचा दगड बसला. तिनं तो हलवून पाहिला. पक्का होता. मग तिनं मेंढरं हाकत आणली आणि साऱ्या पट्ट्यावर बसवली.

"वैनी, वाट..."

"कसली वाट? विहीर माझी, पट्टा माझा. तुमीच शपथेवर सांगितलंय, पाटील. निकाल लागला तो लागला."

मेंढरांच्या कडेकडेनं पुंजाराम निघून गेला.

कस्तुराबाईनं कठड्यावर हात टेकला. तिच्या कमरेएवढा होता. तेव्हा एवढा जरी असता, तरी कचरू त्या संध्याकाळी घरी जेवायला आला असता.